मानपत्राचा मजकूर

बुलढाण्याचे पठार मागे टाकून राजूरचा घाट उतरला, की मलकापूरकडे जाणाऱ्या सडकेवर मोताळा लागते. आणि जिल्ह्यातील माणसे परस्परांची ओळख सांगताना ‘घाटावरचा’ की ‘घाटाखालचा’ असा जो भेद आजही सहजपणे करतात, त्यातील घाटाखालच्या मुलखाशी येथे आपली भेट होते. नळगंगेच्या खोऱ्यातील हे तालुक्याचे ठिकाण. तहसील कचेरी येथे, पंचायत समिती येथे, बाजार येथे; धामणगाव बढे, रोहिणखेड, पिंपळगाव देवी यांसारख्या मोठ्या गावांची आणि त्यांच्या आसपासच्या, कपाशी, तूर, मका नि सोयाबीन पिकविणाऱ्या लहान खेड्यांची सरकारदरबारची कामे येथेच येऊन मिटतात. अशा गावी महाविद्यालय असणे याचा अर्थ मोठ्या शहरात वाढलेल्या माणसाच्या ध्यानी चटकन येत नाही. पदवीचे शिक्षण जेव्हा दूरच्या शहरी जाऊनच मिळे, तेव्हा शेतकऱ्याचे घर एखाद्या मुलासाठी कर्ज काढी, पण मुलीला तिकडे धाडण्याचा विचार बहुधा कोणाच्या मनात उगवतच नसे. महाविद्यालय तालुक्याच्या गावी आले, सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परतता येऊ लागले, तेव्हा कोठे त्या मुलीच्या नावाचा अर्ज भरला गेला.

अशा महाविद्यालयांत वर्षातून दोन-तीन दिवस स्त्रियांच्या गौरवाचे म्हणून पाळले जातात. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती, १२ जानेवारीला याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे १५९८ साली जन्मलेल्या जिजाऊंची जयंती, आणि ८ मार्चचा महिला दिन. त्या दिवशी सभागृहात प्रतिमापूजन होते, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते, आणि पुष्कळदा गावातील काही स्त्रियांना व्यासपीठावर बोलावून शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देऊन त्यांचा सत्कार केला जातो. ही प्रथा उत्तम आहे, आणि ती वाढावी असेच मला मनापासून वाटते. परंतु महाविद्यालयासाठी आणि गावासाठी झिजलेल्या स्त्रीचा सत्कार करणे म्हणजे नेमके काय करणे, तिचे ऋण कोणत्या स्वरूपाचे आहे, आणि ते आजवर कोठेच का नोंदले गेले नाही, हे समजून घेतल्यावाचून केलेला सत्कार अपुरा राहतो, असे माझे मत असल्यामुळे तो विषय येथे थोडा विस्ताराने मांडतो.

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शिक्षणसंस्थेच्या प्रवेशद्वाराशी जाऊन उभे राहिले, तर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी दिसते. कोणी अमुक एकर जमीन दिली, कोणी इमारतीची एक खोली बांधून दिली, कोणी पारितोषिकासाठी ठेव ठेवली. या पाट्यांवर स्त्रियांची नावे विरळ असतात, आणि जी असतात ती पुष्कळदा दिवंगत माता वा पत्नी यांच्या स्मरणार्थ पुत्राने वा पतीने दिलेल्या रकमेसोबत आलेली असतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे देशातील पहिले महिला विद्यापीठ. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली ते स्थापिले, पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला लाभले. मातृऋणाची ही भावना थोर आहे आणि त्या देणगीने हजारो मुली शिकल्या. तथापि विद्यापीठाच्या शिरोभागी नाव असलेल्या त्या माउलीविषयी, त्या कोण होत्या नि काय करीत, याविषयी सामान्य वाचकाला आजही काहीच ठाऊक नसते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

स्त्रिया दानाच्या बाबतीत मागे होत्या, असा निष्कर्ष त्या पाट्यांवरून कोणी काढील तर तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. जमिनीचे बक्षीसपत्र करून देण्यासाठी सातबाऱ्यावर खातेदार म्हणून नाव लागावे लागते, आणि वऱ्हाडातल्या शेतकरी स्त्रीचे नाव त्या उताऱ्यावर बहुधा नव्हतेच. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला खरा, पण तो हयातीपुरता मर्यादित होता; स्त्रीच्या हाती आलेली मिळकत ही तिची पूर्ण मालकीची, असे १९५६ च्या वारसा कायद्याने मानले; मुलीला जन्मतःच एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाबरोबरचा हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला आणि सर्व देशात २००५ साली. कायदा झाला म्हणजे फेरफार झाला असेही होत नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे विराट अधिवेशन भरले, आणि त्यानंतरच्या काळात शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेऊन शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून देण्याचे आवाहन केले, तेव्हा कित्येक गावांत तलाठ्याच्या दफ्तरात घरच्या बाईचे नाव खातेदार म्हणून प्रथमच चढले. जी स्त्री उन्हाळवाहीपासून वेचणीपर्यंत रानात राबत होती तिच्याजवळ देण्यासाठी गुंठाभरही जमीन नव्हती, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे त्या संगमरवरी पाटीचा खरा अर्थ उलगडतो. ती पाटी मालमत्तेची यादी आहे. ज्यांच्यापाशी मालमत्ता होती त्यांचीच नावे तीवर येणार.

स्त्रीजवळ स्वतःचे असे म्हणण्याजोगे दोनच होते: अंगावरचे दागिने आणि अंगातले कष्ट. पहिल्याची नोंद क्वचित होते. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले, आणि नाना जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नधान्याला पैसा पुरेना तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने एकामागून एक काढून दिले आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले, ही हकिकत रयतेच्या परिवारात अजून श्रद्धेने सांगितली जाते. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. त्यांच्या नावे आज सोलापुरात महिला महाविद्यालय चालते. हा सन्मान यथायोग्यच आहे. पण दागिन्यांची किंमत जमाखर्चात मांडता येते म्हणून त्यांची कथा टिकली. रूढिबद्ध घरातून आलेल्या एका बाईने परजातीच्या, परक्या मुलांना स्वतःच्या मुलांप्रमाणे वाढवले, त्यांच्या तापात उशाशी बसून रात्री काढल्या, आणि हे करताना स्वतःच्या मनातील संस्कारांशी जी झुंज दिली असेल, तिची रक्कम कोणत्या वहीत लिहावी?

दुसऱ्या प्रकारचे दान, म्हणजे कष्टाचे, बहुधा नोंदीवाचूनच विरून जाते. ते उरते केव्हा, तर त्या स्त्रीने स्वतः लेखणी उचलली तर. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, उशिरा अक्षरओळख केलेल्या बाई. हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव फिरल्या, लोकांचे टोमणे सोसले, आणि इंग्रजी शिकण्याच्या ध्यासाने १९१८ साली थेट अमेरिकेला गेल्या. त्यांनी आत्मचरित्र लिहिले म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचे उदाहरण विदर्भाच्या वाचकाने विसरता कामा नये. अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजात जन्मलेल्या, लहानपणी ओझी वाहून मजुरी करणाऱ्या या स्त्रीने शिक्षण मिळविले, शिक्षिका झाल्यावर केवळ जातीपायी नोकरी गमावली, आणि १९२२ साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतःच शाळा उघडली. बाबासाहेबांच्या चळवळीतील स्त्रियांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि अभ्यासकांनी त्या टिपून घेतल्या, यामुळे जाईबाईंसारख्यांची नावे वाचली.

आणि या सर्वांहून बुलढाण्याच्या वाचकाला जी हकिकत जवळची वाटावी ती ताराबाई शिंदे यांची. बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते; जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांशी त्यांचा निकट संबंध होता, आणि मुलींच्या शाळा दुर्मीळ असलेल्या त्या काळी त्यांनी आपल्या कन्येला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला होऊन तिला फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली, जी पुढे सौम्य झाली. या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली गेली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. स्त्रीवर लादलेल्या एकेका दोषाला पुरुषाच्या वर्तनाशी ताडून पाहणारे इतके निर्भीड गद्य मराठीत त्यापूर्वी कोणा स्त्रीने लिहिले नव्हते. त्यावर टीका झाली तेव्हा जोतिराव ‘सत्सार’मधून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले.

पुढे काय झाले? ताराबाईंनी लिहिलेले दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. त्यांचा निबंध विस्मृतीत गेला तो असा, की १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांचे स्थान जवळजवळ नव्हतेच. म्हणजे नव्वदाहून अधिक वर्षे. या अवधीत त्यांना पाहिलेली, त्यांच्याशी बोललेली, त्यांच्या शेजारी राहिलेली सगळी माणसे निघून गेली, आणि आज त्यांच्या चरित्रातील मोठमोठी अंतरे अनुमानाने भरावी लागतात. त्या काळी बुलढाण्यातल्या एखाद्या मास्तराने वा कारकुनाने चार पाने लिहून ठेवली असती, बाई कशा होत्या, काय वाचीत, उत्तरायुष्य कसे कंठले, एवढेच जरी टिपून ठेवले असते, तरी मराठी वाङ्मयावर त्याचे केवढे उपकार झाले असते! ज्या जिल्ह्याने ही हानी सोसली आहे त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांवर, मोताळ्याच्याही, स्थानिक स्त्रियांची चरित्रे लिहून ठेवण्याचे दायित्व इतरांहून अधिक आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता तालुक्याच्या गावातील महाविद्यालय कोणाच्या कष्टांवर उभे असते ते पाहू. दूरच्या खेड्यातून आलेल्या, बसचा भरवसा नसल्याने गावात खोली करून राहणाऱ्या मुलांना डबा देणारी बाई असते. तिला सगळी मुले काकू म्हणतात. महिनाअखेरीस पैसे आले नाहीत तरी ती डबा थांबवीत नाही, कारण कापूस विकल्याशिवाय त्या पोराच्या बापाच्या हाती पैसा येत नाही हे तिला शहाण्या अर्थतज्ज्ञाहून अधिक कळते. ‘पोरीला एकटीला कसे ठेवावे’ या काळजीने शिक्षण सोडवायला निघालेल्या आईबापांना, ‘माझ्या घरी राहू द्या, माझ्या लेकीसारखी राहील’ असे सांगून आपल्या दोन खोल्यांपैकी एक देणारी एखादी असते. महाविद्यालयातच झाडलोट करणारी, मुलींच्या खोलीची किल्ली सांभाळणारी मावशी असते. एखाद्या मुलीचे लग्न घाईने ठरत आहे ही बातमी प्राध्यापकांच्या आधी तिच्या कानी येते, आणि प्राचार्यांपर्यंत ती पोहोचविण्याचे धैर्यही तीच दाखविते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर दत्तक गावात भरते, तेव्हा शहाणपणाचे धडे द्यायला गेलेल्या विद्यार्थ्यांना पाण्याची, स्वयंपाकाची, निजण्याची सोय करून देणाऱ्या बचतगटाच्या बाया असतात, अंगणवाडी सेविका असतात, घरोघरच्या गरोदर स्त्रियांची तोंडपाठ माहिती असलेली आशाताई असते. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेच्या अहवालात खड्डे किती खणले, झाडे किती लावली याचे आकडे काटेकोर असतात. भाकरी कोणी थापल्या हे त्यात मला तरी क्वचितच वाचायला मिळाले आहे.

आणि सर्वांत मोठी, सर्वांत अनुल्लेखित देणगीदार म्हणजे विद्यार्थिनीची आई. निंदणाला, वेचणीला रोजाने जाणारी ही बाई मुलीचे शुल्क भरते एवढेच तिचे देणे नव्हे. मुलगी बारावीनंतर घरी राहिली असती तर तिच्या रोजाची भर घरात पडली असती, घरचे काम हलके झाले असते. ते सारे सोडून आई तिचा वाटा आपल्या अंगावर ओढून घेते. महाविद्यालयात जितक्या मुलींची नावे पटावर आहेत तितक्या स्त्रियांचे श्रम त्या पटाखाली दडलेले आहेत. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत शासकीय दस्तऐवजांवर बालकाच्या नावापुढे प्रथम आईचे नाव लिहिण्याचा निर्णय केला, त्याचे मी स्वागत करतो. परंतु ही बालके महाविद्यालयात यायला अद्याप बराच अवकाश आहे, आणि आज जी मुले-मुली पदवी घेत आहेत त्यांच्या आयांनी वाट पाहत राहावे असे काही कारण नाही.

राज्य शासनानेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २०२३ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जयंतीला, म्हणजे ३१ मे रोजी, प्रत्येक ग्रामपंचायतीतील दोन कर्तबगार महिलांना सन्मानित करण्याची योजना आली. गावच्या स्त्रीला गावानेच निवडून गौरवावे हे तत्त्व मला मोलाचे वाटते. अडचण येते ती निवडीत. पदाधिकाऱ्यांच्या घरची स्त्री चटकन डोळ्यांसमोर येते, आणि वस्तीच्या टोकाला राहणारी, मुस्लिम मोहल्ल्यातली, बौद्धवाड्यातली, तांड्यावरची बाई राहून जाते. म्हणून निवडीचे काम मुलींकडे द्यावे. ‘तुमच्या शिक्षणात घराबाहेरच्या कोणत्या बाईचा हात लागला?’ असा एकच प्रश्न वर्गावर्गांतून विचारला आणि उत्तरे चिठ्ठीवर लिहून घेतली, तर कोणत्याही समितीला सुचणार नाहीत अशी नावे समोर येतील, असा माझा विश्वास आहे.

नाव निघाले की मग खरे काम. मानपत्र हा आपल्याकडील जुना वाङ्मयप्रकार, पण त्याची आजची स्थिती अशी, की ‘आपण त्यागमूर्ती आहात, आपण स्त्रीशक्तीचे प्रतीक आहात’ असा मजकूर असलेला कागद नाव बदलून कोणालाही द्यावा. त्यात गौरव आहे, पण ती बाई नाही. इतिहासाच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या स्त्रीच्या घरी चार वेळा जावे, तिला तिच्या बोलीत बोलू द्यावे, माहेर कोठले, किती शिकू दिले, लग्न कोणत्या वयात झाले, खोली भाड्याने न देता तशीच का दिली, पहिली मुलगी कोण राहिली, किती वर्षे डबा चालविला, दुष्काळात तो कसा चालला, हे सगळे तारखा-वारांसह लिहून घ्यावे. मजकूर तिला वाचून दाखवावा. ती जे खोडायला सांगेल ते निमूटपणे खोडावे, कारण आपल्या आयुष्यातले काय लोकांपुढे यावे हे ठरविण्याचा अधिकार तिचाच आहे. नाव तिचे, तिला आवडेल तसे लिहावे. ‘अमुकरावांच्या सुविद्य पत्नी’ अशी ओळख तिने स्वतः मागितल्यावाचून देऊ नये. व्यासपीठावर तिला केवळ उभी करून छायाचित्र काढून न घेता प्रमुख पाहुण्यांइतकाच वेळ बोलण्यास द्यावा, आणि ती वऱ्हाडीत बोलली तर कोणी तिला ‘शुद्ध’ करू पाहू नये.

एक व्यावहारिक गोष्टही सांगितली पाहिजे, जी कार्यक्रम आखणाऱ्यांच्या ध्यानातून नेहमी सुटते. ३ जानेवारी हा घाटाखालच्या मुलखात कापूस वेचणीचा आणि तुरीच्या सोंगणीचा काळ. ८ मार्चच्या सुमारास हरभरा व गहू काढणीला आलेले असतात. म्हणजे ज्यांच्या सन्मानाचे हे दिवस, त्यांच्या मजुरीचेही हेच दिवस. सकाळी अकराचा कार्यक्रम बारा-साडेबाराला सुरू होतो, पाहुणे येईतो ताटकळत बसलेल्या बाईचा रोज बुडतो, आणि शालीने तो भरून येत नाही. तेव्हा सत्काराची वेळ संध्याकाळची, रानातून परतल्यानंतरची, ठेवावी. दूरच्या गावाहून येणाऱ्यांना नेण्या-आणण्याची गाडी महाविद्यालयाने करावी. आणि दिवसाच बोलवायचे असेल तर बुडालेला रोज सन्मानाच्या पाकिटात, न बोलता, घालावा. जमले तर महाविद्यालयानेच तिच्या गावी जावे, देवळापुढच्या वा समाजमंदिराच्या ओट्यावर, तिच्या शेजारणींच्या देखत मानपत्र वाचावे.

त्या मानपत्राच्या तीन प्रती असाव्यात. एक तिच्या घरी. एक ग्रामपंचायतीच्या दफ्तरात, ठरावाच्या नोंदीसह. आणि तिसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, दाखल क्रमांक घालून, स्त्रीच्या नावाने सूचीत चढविलेली. दरवर्षी चार-पाच अशी चरित्रे जमत गेली तर वीस वर्षांत मोताळा तालुक्यातील ऐंशी ते शंभर स्त्रियांचे लेखी वृत्त एका कपाटात उभे राहील, आणि संत गाडगेबाबांच्या नावे चालणाऱ्या अमरावती विद्यापीठातील संशोधकाला या भागातील शेती, शिक्षण, दुष्काळ, लग्नव्यवहार यांविषयी लिहिताना तेथे यावेच लागेल. सूचीचे काम पहिल्याच वर्षापासून व्हावे. कपाट भरेपर्यंत थांबले तर पहिल्या प्रती हरवतात, असा ग्रंथपालांचा सार्वत्रिक अनुभव आहे.